बाटली विहिरीत सोडण्याआधी: सिंचनाच्या पाण्याची सूक्ष्मजीव तपासणी शिकणाऱ्यांसाठी

नवीन लागलेली मुलं-मुली पहिल्या दिवशी सूक्ष्मदर्शकाकडे धावतात. या कामात त्याला हात लागतो तो महिन्यातून एखाद्या वेळी. रोज लागतात ते बर्फाचा डबा, पाण्याने न पुसला जाणारा मार्कर, दोर, स्पिरिटची बाटली आणि घोट्याच्या वर येणारे बूट. बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी करून आलेल्यांना हे ऐकून थोडं वाईट वाटतं, पण आकडा खरा की खोटा हे विहिरीच्या काठावर ठरतं. प्रयोगशाळेत तो फक्त मोजला जातो.

काठावर पहिला प्रश्न हमखास येतो: "पानी ते चांगलं दिखस ना ताई?" दिसतं चांगलंच. जळगाव-धुळ्याकडच्या खोल विहिरींचं पाणी काचेसारखं असतं, आणि तरीही त्यात शेणा-मैल्यातले जंतू असू शकतात. उलट पावसाळ्यात तापीचं गढूळ पाणी पाहून घाबरण्याआधी मोजावं लागतं. डोळ्यांवर विसंबायचं नाही, म्हणून तर आपल्याला पगार मिळतो.

आपण नेमकं काय शोधतो

विषमज्वर, हगवण, कावीळ यांचे जंतू थेट शोधणं महाग आणि वेळखाऊ असतं. शिवाय ते पाण्यात आज असतात, उद्या नसतात. म्हणून माणसाच्या आणि जनावराच्या आतड्यात नेहमी असणारा ई. कोलाय हा जिवाणू खुणेसाठी मोजायचा. तो सापडला म्हणजे पाण्यात ताजी विष्ठा मिसळली आहे. त्याचे बहुतेक प्रकार स्वतः आजार करत नाहीत, हे शेतकऱ्याला सांगायला विसरू नका, नाहीतर गावभर भलतीच बातमी होते.

जुन्या अहवालांत 'एकूण कोलिफॉर्म', म्हणजे ई. कोलाय आणि त्याच्यासारख्या जिवाणूंचा सगळा गट, हा आकडा ठळक असतो. सिंचनाच्या पाण्यासाठी मी त्याला फार किंमत देत नाही. या गटातले कितीतरी जिवाणू माती आणि पालापाचोळ्यात मुळातच राहतात. पाटाच्या पाण्यात ते सापडणारच. 44.5 अंशांवर वाढणारे उष्णतासह कोलिफॉर्म त्याहून बरे, पण त्यांतही क्लेबसिएला हा विष्ठेबाहेरही राहणारा जिवाणू घुसतो. शेवटी ई. कोलायच पाहावा.

मर्यादा किती? इथे गोंधळ होतो

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस 10500 सरळ सांगतं: 100 मिलीमध्ये ई. कोलाय अजिबात आढळता कामा नये. सिंचनाचं तसं नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात सिंचनाचं पाणी 'ई' वर्गात येतं. त्यात सामू (पीएच) 6.0 ते 8.5, विद्युत वाहकता सेंटिमीटरला 2250 मायक्रोम्होपर्यंत, सोडियम शोषण गुणोत्तर 26 पर्यंत आणि बोरॉन लिटरला 2 मिलिग्रॅमपर्यंत, एवढंच दिलं आहे. जंतूंचा आकडाच नाही. त्यामुळे माती-पाणी परीक्षणाचा कागद दाखवून "पाणी पास झालं" म्हणणाऱ्याला समजावून सांगावं लागतं की तो कागद क्षारांचा आहे, जंतूंचा नाही.

मग तुलना कशाशी करायची? जागतिक आरोग्य संघटनेने 1989 मध्ये कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांसाठी 100 मिलीमध्ये 1000 विष्ठाजन्य कोलिफॉर्म आणि लिटरमागे जास्तीत जास्त एक जंताचं अंडं अशी मर्यादा सांगितली होती. 2006 च्या मार्गदर्शक तत्त्वांत त्यांनी एकाच आकड्याचा आग्रह सोडला आणि पाण्यापासून ताटापर्यंत प्रत्येक टप्प्यावर जंतू किती कमी होतात याचा हिशोब मांडला. युरोपीय महासंघाचा 2020 चा नियम, 2023 च्या जूनपासून लागू झालेला, सांडपाणी शुद्ध करून वापरायचं असेल तर सर्वांत वरच्या वर्गासाठी 100 मिलीमध्ये 10 ई. कोलाय इतका कडक आहे. अमेरिकेने 2015 मध्ये 100 मिलीमध्ये 126 ई. कोलायची भूमितीय सरासरी (ती का, ते शेवटी येतं) ठरवली होती, पण मे 2024 मध्ये काढणीपूर्व पाण्यासाठी तो आकडा काढून त्याजागी दरवर्षी पाण्याच्या धोक्याचं मूल्यमापन आणलं.

तेव्हा अहवालात "योग्य" किंवा "अयोग्य" हा शिक्का स्वतःच्या मनाने मारू नका. कोणत्या मापाने मोजलं ते लिहा. निर्यात करणाऱ्याचा खरेदीदार कोणतं माप मागतो ते नमुना घेण्याआधीच विचारा.

निघण्याआधी: पीक कोणतं, पाणी कुठून

रावेर-यावलच्या केळीला ठिबक असतं. पाणी मुळाशी पडतं, घड वर लटकतो, वर साल. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात उंच पिकाला ठिबकने पाणी दिलं की जंतूंचा धोका 10,000 पटीने कमी धरतात, जमिनीलगतच्या पिकाला 100 पटीने. म्हणून केळीबागेतल्या विहिरीपेक्षा मला जास्त काळजी असते ती पॅकिंग शेडमधल्या हौदाची. फण्या कापून चीक जाण्यासाठी ज्या पाण्यात सोडतात, तेच पाणी दुपारपर्यंत तसंच राहतं. तिथला नमुना सकाळी एक आणि काम संपताना एक, असा दोनदा घ्या. काढणीनंतर फळाला लागणाऱ्या पाण्यात ई. कोलाय आढळूच नये, इथे मात्र सवलत नाही.

उलट बाजू पालेभाज्यांची. मेथी, कोथिंबीर, मुळा, काकडी. आपल्याकडे भरिताबरोबर हिरवी कांद्याची पात कच्चीच खातात, कळण्याच्या भाकरीसोबत तर हवीच. वांगं निखाऱ्यावर भाजून निघतं, पात मात्र जशीच्या तशी ताटात येते. गावाच्या खालच्या अंगाला नाल्यावर मोटार टाकून पात पिकवली असेल, तर तो नमुना यादीत पहिला.

पाण्याचा उगम नुसता 'विहीर' असा लिहू नका. खोली, कठडा आहे की नाही, शंभर फुटांत गोठा किंवा शौचालयाचा शोषखड्डा आहे का, मोटार कोणती, हे सगळं लिहा. कालव्याचं पाणी असेल तर आवर्तन कधी सुटलं ते विचारा. हतनूरचा उजवा कालवा असो की गिरणेवरचे जामद्याचे कालवे, कोरड्या पडलेल्या चारीत महिनाभर गुरं, कुत्री, माणसं सगळी फिरलेली असतात, आणि पहिलं पाणी ती सगळी घाण पुढे ढकलत नेतं. पहिल्या दिवसाचा आकडा आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसाचा आकडा यांत जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. दोन्ही घ्या आणि दोन्हींवर दिवस लिहा. साक्रीकडे पांझरेवर अजून फड पद्धतीचे, म्हणजे गावाने मिळून पाणी वाटायचे जुने बंधारे आहेत. तिथे पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला किंवा राखण करणाऱ्या जागल्याला गाठा. पाटात कुठे कपडे धुतात, कुठे म्हशी बसतात, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

शेततळं असेल तर पक्षी पाहा. प्लास्टिकच्या अस्तरावर पांढरे ठिपके दिसत असतील तर अर्धं उत्तर तिथेच मिळालं. आणि वेळ लिहा. उन्हाने स्वच्छ पाण्याच्या वरच्या थरातले जिवाणू मरतात. सकाळी सातचा आणि दुपारी तीनचा नमुना एकाच तळ्याचा असूनही वेगळा येतो. महिनाभराच्या नमुन्यांची तुलना करायची असेल तर रोज तीच वेळ पाळा.

बाटली भरणं

बाटली 250 किंवा 500 मिलीची, 121 अंशांवर 15 ते 20 मिनिटं ऑटोक्लेव्हमधून (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून) काढलेली. झाकणावर कागद किंवा फॉइल गुंडाळलेलं. पाण्यात क्लोरीन असण्याची शंका असेल तर बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट घातलेलं हवं, 120 मिलीच्या बाटलीला 3 टक्के द्रावणाचे 0.1 मिली या प्रमाणात. हे का, तर क्लोरीन डब्यातही काम करत राहतो आणि तुम्ही येईपर्यंत सगळे जंतू मारून टाकतो. ठिबकचे ड्रीपर शेवाळाने किंवा लोहजिवाणूंच्या चिकट थराने बंद पडले की शेतकरी क्लोरीन किंवा आम्ल सोडतात. "आज-काल काही सोडलं का?" हा प्रश्न विचारल्याशिवाय बाटली उघडू नका. विचारूनही खात्री नसेल तर तिथेच डीपीडी किटने क्लोरीन पाहून घ्या.

मोटारीच्या नळीवरून नमुना घ्यायचा तर मोटार आधी पाच-दहा मिनिटं चालू द्या, नळीत साचलेलं पाणी निघून जाऊ दे. लोखंडी तोटी असेल तर स्पिरिटच्या बोळ्याने ज्योत फिरवा. आता बहुतेक ठिकाणी प्लास्टिकचा व्हॉल्व्ह असतो, तो वितळेल, तिथे 70 टक्के अल्कोहोलने पुसा आणि थोडं पाणी सोडा. झाकण हातातच धरायचं, तोंड खाली, जमिनीवर ठेवायचं नाही. बाटली विसळायची नाही, थायोसल्फेट वाहून जाईल. वर साधारण बोटभर जागा रिकामी सोडायची, प्रयोगशाळेत हलवायला लागते.

मोटार नसलेल्या विहिरीत वजन बांधलेली बाटली दोराने सोडा, पण कडेला घासू देऊ नका. कडेच्या दगडावरचं शेवाळ आणि पारव्यांची विष्ठा बाटलीत आली की आकडा विहिरीचा राहत नाही. नदीत किंवा पाटात उतरलात तर प्रवाहाकडे तोंड करून उभे राहा, बाटली उपडी करून वीतभर खाली न्या आणि मग पाणी येतं त्या बाजूला तिचं तोंड फिरवून भरा. तुमच्या पायांनी उडालेला गाळ मागे जाईल.

शेतीची लाईट आठवड्या-आठवड्याने दिवसाची आणि रात्रीची होते. मोटार सुरू असतानाच नमुना हवा असेल तर आदल्या दिवशी फोन करून पाळी विचारा. मी पहिल्या वर्षी अर्ध्या फेऱ्या फुकट घालवल्या आहेत.

बाटलीवर तिथेच लिहायचं: क्रमांक, ठिकाण, तारीख, वेळ, पाण्याचं तापमान, सामू, तुमची सही. "गाडीत बसून लिहू" म्हणालात की दोन बाटल्यांची अदलाबदल ठरलेली. एकदा माझीच झाली. कोथिंबिरीच्या नाल्याचा आकडा एका स्वच्छ बोअरवेलच्या नावावर गेला आणि त्या आबांनी मला दोन महिने शेतात पाऊल ठेवू दिलं नाही. बरोबरच होतं त्यांचं.

बर्फ

नमुना 10 अंशांच्या खाली, अंधारात, पण गोठू न देता न्यायचा. शक्यतो सहा तासांत तपासणी सुरू व्हावी. चोवीस तासांच्या पुढे तो नमुना टाकून द्या. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असताना शहाद्याहून जळगावला येणं म्हणजे बर्फाची परीक्षाच. साधा बर्फ दुपारपर्यंत पाणी होतो, ते पाणी झाकणापर्यंत आलं की बाटलीत शिरतं. प्रत्येक बाटली झिपच्या पिशवीत घाला आणि गोठवलेल्या जेलच्या पिशव्या वापरा. डब्यात एक तापमापी कायम ठेवा. निघताना आणि पोहोचल्यावर दोन्ही वाचनं वहीत. एक बाटली निर्जंतुक पाणी भरून सोबत न्या, उघडायची नाही, फिरवून परत आणायची. तिच्यात काही उगवलं तर त्या दिवसाचे सगळे आकडे बाद.

प्रयोगशाळेत

पद्धती मुख्यतः तीन. जुनी आणि भरवशाची म्हणजे एमपीएन (सर्वाधिक संभाव्य संख्या), नळ्यांची. 10, 1 आणि 0.1 मिलीच्या पाच-पाच नळ्या, लॉरिल ट्रिप्टोज माध्यमात, 35 अंशांवर 24 ते 48 तास. आतल्या छोट्या उलट्या नळीत वायूचा बुडबुडा आला की ती नळी होकारार्थी. मग ती ई.सी. माध्यमात 44.5 अंशांवर, आणि शेवटी कोव्हॅक्स द्रावण टाकून लाल कडं येतं का ते पाहायचं. तक्त्यावरून आकडा काढतात: 5-0-0 आलं, म्हणजे 10 मिलीच्या पाचही नळ्या होकारार्थी आणि बाकी एकही नाही, तर 100 मिलीमध्ये 23. काहीच आलं नाही तर शून्य लिहायचं नाही, '1.8 पेक्षा कमी' लिहायचं.

दुसरी गाळणपद्धत. 0.45 मायक्रॉनचा पडदा, त्यावरून पाणी ओढायचं, पडदा एम-एफसी अगारवर ठेवायचा, 44.5 अंशांवर 24 तास. निळ्या वसाहती (एकेका जिवाणूपासून वाढलेले ठिपके) मोजायच्या. 10 मिली गाळून 34 आल्या तर 34 गुणिले 100 भागिले 10, म्हणजे 340. वसाहती 20 ते 60 च्या दरम्यान असतील तेव्हाच तो आकडा विश्वासाचा, म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या मात्रा लावा. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात हा पडदा गाळाने बसतो. तेव्हा हट्ट सोडून नळ्यांकडे वळा. तिसरी तयार पावडरची पद्धत, पिवळं झालं तर कोलिफॉर्म आणि अतिनील दिव्याखाली निळसर चमकलं तर ई. कोलाय. सोपी आहे, महाग आहे.

ग्रामपंचायतीत दिसणारी, दूषित पाण्याने काळी पडणारी एच-टू-एस (हायड्रोजन सल्फाइड) बाटली 1982 मध्ये ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतून आली. ती होय किंवा नाही एवढंच सांगते. पहिल्या चाळणीला ठीक. तिच्यावरून अहवाल देऊ नका.

आता खानदेशातली खरी अडचण, जी पुस्तकात सापडत नाही. साधा इन्क्युबेटर फक्त गरम करतो, थंड करत नाही. खोलीत 40 अंश असतील तर 35 वर ठेवलेला इन्क्युबेटर 35 वर राहूच शकत नाही. तो दिवा विझवून गप्प बसतो आणि आतलं तापमान खोलीबरोबर चढत जातं. डिजिटल आकड्याकडे पाहणारं कुणी नसेल तर हे कळतही नाही. एप्रिल-मे मध्ये खोलीला एसी हवाच, किंवा थंड करणारा बीओडी इन्क्युबेटर. 44.5 चा वॉटर बाथ तर अर्ध्या अंशानेही चुकायला नको, मुभा 0.2 अंशाचीच. आणि लाईट जाते. इन्व्हर्टरवर दिवे-पंखे नाही, आधी इन्क्युबेटर. कमीत कमी आणि जास्तीत जास्त तापमान दाखवणारी तापमापी आत ठेवा. रात्री काय घडलं ते सकाळी तीच सांगेल. प्रत्येक खेपेला एक ज्ञात ई. कोलायची नळी आणि एक कोरी नळी लावा. ज्ञात उगवला नाही तर दोष पाण्याचा नाही, तुमचा.

काम झाल्यावर सगळ्या प्लेट आणि नळ्या पुन्हा ऑटोक्लेव्ह करूनच टाका. तोंडाने पिपेट ओढू नका, जुने लोक ओढायचे म्हणून तुम्ही नाही. विषमज्वर आणि धनुर्वाताची लस घेऊन ठेवा. बिनकठड्याच्या विहिरीवर एकटं जाऊ नका आणि ओल्या हाताने स्टार्टरला हात लावू नका. साप पाण्यापेक्षा स्टार्टरच्या पेटीतच जास्त भेटतात.

आकडा शेतकऱ्याला सांगताना

एका नमुन्यावर बोलू नका. तीन वाचनं 10, 100 आणि 1000 आली तर साधी सरासरी 370 होते, भूमितीय सरासरी 100. जंतूंच्या आकड्यांसाठी दुसरीच वापरतात, कारण एक वेडं वाचन साध्या सरासरीला ओढून नेतं. पण ते 1000 झाकूनही टाकू नका. ते कुठून आलं हेच तर शोधायचं असतं.

उपाय छोटे सांगा. तुषार सोडून ठिबक घ्या. काढणीच्या आधी शेवटचे काही दिवस पाणी तोडा, कारण उन्हात आणि कोरड्या पानावर जंतू झपाट्याने मरतात. कठडा बांधा, गोठ्याचं पाणी उताराला वळवा. क्लोरीनचा सल्ला देताना सामू पाहा, 8 च्या वर त्याची ताकद बरीच घटते.

यावलकडच्या एका विहिरीने मला तीन महिने छळलं. कठडा पक्का, गोठा लांब, आकडा कधी 2 पेक्षा कमी, कधी हजाराच्या घरात. पाण्याचे नमुने नेहमी मोटार सुरू असताना घेतले होते, वेळही तीच. चौथ्या महिन्यात मी नमुना न घेता नुसती बसून राहिले. लाईट गेली, आली. मोटारीने पाणी सोडलं होतं, म्हणजे नळीतलं पाणी उतरून ती नुसती हवा ओढत होती. गडी उठला, शेजारच्या गुरांच्या हौदातून बादली भरली आणि मोटारीत ओतली. फुटव्हॉल, म्हणजे नळीच्या तळाशी पाणी मागे न जाऊ देणारी झडप, गळका होता, ओतलेलं निम्मं पाणी नळीतून थेट विहिरीत उतरलं. ज्या दिवशी लाईट पाच वेळा जायची, त्या दिवशी हौदाच्या पाच बादल्या विहिरीत. विहिरीच्या मालक नानांनी दुसऱ्या दिवशी भुसावळहून नवा फुटव्हॉल आणला, आणि मी रजिस्टरमध्ये 'लाईट किती वेळा गेली' असा एक नवा रकाना आखला.